वर जाऊन थकतं तिथं

सारंगखेड्याच्या पुलाखाली, तापीच्या वाळूत
मुनाफ ड्रायव्हर ट्रक मागे मागे घेत आणायचा,
चाकांखाली तुराट्या टाकून.
मी हौद्यात, पायाखाली बाजरीचं सरमड.
खाली आबा, गुडघ्यावर खोचलेलं धोतर,
आणि त्याच्या मागे हिरव्या पट्ट्यांचा ढीग,
जो दिवस मावळायच्या आत इंदूरला निघायचा होता.

आबा माझ्याकडे बघायचा नाही.
टरबूज दोन हातांत, गुडघ्यांमधून एक झोका,
आणि सोडलं.
सोडलं की ते आबाचं राहत नसे,
माझंही झालेलं नसे.
मधल्या त्या जागेत त्याला मालक नाही,
फक्त जमीन बोलावत असते खालून,
न ओरडता, एकसारखी,
चढतानाही तेवढीच, उतरतानाही तेवढीच.

पहिल्या दिवशी मी घाईनं हात पुढे केले.
वर येणारं टरबूज बोटांवर आदळलं,
फाळक्यावर फुटलं,
लाल पाणी परकरभर.
अंगठा महिनाभर वाकत नव्हता.
आबा एवढंच म्हणाला,
"हात आगे नको करू, बाई.
वर जाईसन थकी जास, तवय धर."

मग मी थांबायला शिकले.
क्षणाक्षणाला ते हळू होत जातं,
फाळका ओलांडतं,
छातीसमोर येऊन ना वर ना खाली,
आणि सहा किलोचं फळ
तळहातांवर असं टेकतं
जसं कुणी ठेवून गेलं.

चार किलोचं, आठ किलोचं, वाट तीच.
फरक आबाच्या कमरेला कळायचा,
आणि वाळूला:
दर फेकीला त्याच्या टाचा
केसभर खाली.
दुपारपर्यंत तो एवढा रुतलेला असे
की तीच फेक माझ्या पोटाशीच थकायची.
मी ओरडायची, "आबा, खोल गेलास!"
मग तो पाय उपटून वीतभर सरकायचा.

दोंडाईच्याला अकरावीत
गिरासे सरांनी फळ्यावर कमान काढली,
टोकावर खडूचा ठिपका दिला.
"इथं वेग शून्य."
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी माझे तळहात बघत बसले.
"शून्य नाही, सर."
मागचे बाक हसले.
"शून्य असता तर ते तिथूनच
सरळ खाली पडलं असतं.
पण ते मला अर्धं पाऊल मागं रेटतं, सर.
वर जाणं संपतं.
पुढं जाणं संपत नाही."

सर खडू धरून उभे राहिले.
पंखा फिरत होता, कुणी खोकलं.
मग ठिपक्यापासून त्यांनी
एक आडवा बाण काढला
आणि विचारलं, "किती किलोचं?"

पुस्तकात होतं, पंचेचाळीस अंशांत फेकलं
की सगळ्यात लांब जातं.
असेल.
आम्हाला लांब नव्हतं फेकायचं,
फाळक्यावरून न्यायचं होतं फक्त.
लांब ते ट्रकनंच जायचं.

आता बंधाऱ्याचं पाणी
त्या वाळूवर बारा महिने उभं असतं.
आबा माझ्याकडे शहाद्याला,
दुपारी ओट्यावर बसून बिया सोलतो,
कुठल्याही.

काल गाडीची किल्ली खालीच राहिली.
मी गॅलरीत आले.
आबानं हाक मारली नाही, वरही बघितलं नाही,
बसल्या जागेवरून, गुडघ्यांमधून एक झोका.
मी कठड्याशी हात उघडा धरला,
पुढे केला नाही.
किल्ली आली,
थकली,
आणि तळव्याला किंचित आत ढकलत
टेकली.